क्रोस, टोनी

क्रोस, टोनी : (४ जानेवारी १९९०). जर्मन फुटबॉलपटू. बायर्न म्युनिक, रेआल माद्रिद आणि जर्मनीचा राष्ट्रीय संघ यांच्या मधल्या फळीत तो २००७ ते २०२४ या काळात खेळला. त्याचा जन्म बाल्टिक समुद्राजवळच्या ग्राइफ्सवाल्डचा. बर्लिनची भिंत खुली होऊन दोनच महिने झाले होते, पण पूर्व जर्मनी हा देश कागदोपत्री अजून अस्तित्वात होता. २०१४ साली विश्वचषक जिंकलेल्या जर्मन संघात त्या देशात जन्मलेला तो एकटाच होता.

घर खेळाडूंचे. वडील रोलांड फुटबॉल प्रशिक्षक, आई बिरगिट पूर्व जर्मनीची बॅडमिंटन विजेती, धाकटा भाऊ फेलिक्स हाही पुढे व्यावसायिक फुटबॉलपटू झाला. गावच्या क्लबातून टोनी हान्सा रोस्टॉकच्या कुमार संघात गेला आणि २००६ मध्ये बायर्न म्युनिकने त्याला उचलले. पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात जर्मनी तिसरी आली आणि स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान क्रोसला मिळाला. त्याच सप्टेंबरात कॉटबुसविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला. हा त्याचा बुंडेसलिगातला, म्हणजे जर्मनीच्या अव्वल साखळी स्पर्धेतला, पहिला सामना. त्यात त्याने मिरोस्लाव्ह क्लोजेच्या दोन गोलांसाठी पास पुरवले. तेव्हा तो १७ वर्षांचा होता.

तरीही बायर्नमध्ये त्याला लगेच जागा मिळाली नाही. जानेवारी २००९ ते २०१० च्या उन्हाळ्यापर्यंत तो लेव्हरकुझेन या क्लबाकडे उसनवारीवर होता. तिथे प्रशिक्षक युप हाइन्केस यांच्या हाताखाली तो खऱ्या अर्थाने घडला. मार्च २०१० मध्ये तो राष्ट्रीय संघातून प्रथम खेळला आणि त्याच वर्षीच्या विश्वचषकाला गेला. २०१३ साली बायर्नने लीग, जर्मन चषक आणि युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग असे तिहेरी यश मिळवले. मात्र एप्रिलमध्ये युव्हेंटसविरुद्ध झालेल्या दुखापतीमुळे क्रोस वेम्ब्लीवरच्या अंतिम सामन्यात नव्हता.

क्रोसचे मोठेपण आकड्यांत मांडायला गेले की हाती फारसे लागत नाही. रेआलसाठी ४६५ सामन्यांत त्याने २८ गोल केले. आघाडीचा खेळाडू एवढे गोल एका हंगामात करतो. तो वेगवान नव्हता, चेंडू हिसकावून घेण्यातही त्याची ख्याती नव्हती. त्याचे काम वेगळे होते. मैदानावर कुठे गर्दी आहे आणि कुठे मोकळीक, हे चेंडू पायाशी येण्याआधीच त्याने पाहिलेले असे. कारकिर्दीच्या सुरुवातीला तो आघाडीवीरांच्या मागे खेळे. म्युनिकमध्ये प्रशिक्षक पेप ग्वार्दिओलांच्या एका हंगामात आणि नंतर माद्रिदमध्ये तो खाली सरकत गेला. रेआलमध्ये तो अनेकदा डावीकडे, पार बचावफळीच्या ओळीत येऊन उभा राही. त्यामुळे डावा बचावपटू मार्सेलो निर्धास्तपणे वर जाई. प्रतिस्पर्ध्याने दाबायला माणूस पुढे पाठवला की त्याच्या मागे पोकळी तयार होई, आणि क्रोसचा पास नेमका त्या पोकळीत पडे. नाही पाठवला, तर क्रोसला हवा तेवढा वेळ मिळे. मागे रखवालीला कासेमिरो, उजवीकडे लुका मॉद्रिच आणि डावीकडे क्रोस ही मधली फळी गेल्या काही दशकांतल्या सर्वोत्तम त्रिकुटांत मोजली जाते.

माद्रिदला तो गेला तो विश्वविजेता होऊन. ८ जुलै २०१४ रोजी बेलो ओरिझोंतेत यजमान ब्राझीलला जर्मनीने उपांत्य फेरीत ७-१ असे चिरडले. पहिला गोल क्रोसच्या कॉर्नर किकवर थॉमस म्युलरने केला. त्यानंतर २४व्या आणि २६व्या मिनिटाला क्रोसने स्वतः दोन गोल केले. अंतिम सामन्यात मात्र त्याच्या हातून घात होता होता वाचला. डोक्याने मागे दिलेला त्याचा चेंडू थेट अर्जेंटिनाच्या इग्वाइनपुढे पडला, पण इग्वाइनचा फटका बाहेर गेला आणि जर्मनीने जादा वेळेत १-० असा विजय मिळवला. चारच दिवसांनी रेआलने करार जाहीर केला. पगाराच्या प्रश्नावर बायर्नशी बोलणी फिसकटली होती. सुमारे अडीच कोटी युरोंत त्याला जाऊ देणे हा बायर्नचा अलीकडचा सर्वांत महागात पडलेला व्यवहार म्हणायला हरकत नाही.

रेआलबरोबर त्याने २०१६, २०१७, २०१८, २०२२ आणि २०२४ अशी पाच वेळा चॅम्पियन्स लीग जिंकली. बायर्नचे धरून सहा. स्पॅनिश लीगची चार विजेतेपदे वेगळी.

मायदेशात त्याच्याविषयी एकमत कधीच नव्हते. तो आडवेच पास देतो, जोखीम घेत नाही, अशी तक्रार सतत होई. २०१८ चा विश्वचषक त्या मतभेदाचा कळस. सोचीत स्वीडनविरुद्ध त्याच्याच चुकलेल्या पासावरून जर्मनीवर गोल झाला. ९५व्या मिनिटाला, संघात दहाच खेळाडू उरले असताना, त्यानेच फ्री किकवर विजयी गोल केला. पुढचा सामना दक्षिण कोरियाकडून हरून जर्मनी साखळीतच बाद झाली. २०२१ मध्ये युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत इंग्लंडकडून हरल्यावर त्याने राष्ट्रीय संघ सोडला, तेव्हा बायर्नचे माजी अध्यक्ष उली हेनेस यांनी त्याचा खेळ आता कालबाह्य झाल्याचे जाहीरपणे सांगितले. त्यानंतर तो रेआलकडून आणखी दोनदा चॅम्पियन्स लीग विजेता झाला.

२०२४ साली राष्ट्रीय प्रशिक्षक युलियान नागेल्समान यांच्या विनंतीवरून तो परतला. मार्चमध्ये लियोंला फ्रान्सविरुद्ध सुरुवातीच्याच किकवर त्याने लांब पास दिला आणि सातव्या सेकंदाला फ्लोरियान विर्त्झने गोल केला. ३० एप्रिलला म्युनिकमध्ये, जुन्या क्लबाविरुद्ध, रेआलचा सहकारी व्हिनिसियसला हाताने धावायची खूण करून त्याने चेंडू बायर्नच्या बचावातून आरपार पाठवला. मे महिन्यात, युरोनंतर खेळ थांबवणार असल्याचे त्याने जाहीर केले. १ जूनला वेम्ब्लीवर चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात डॉर्टमुंडविरुद्ध रेआलचा पहिला गोल त्याच्या कॉर्नरवरूनच झाला. युरोच्या पहिल्या सामन्यात स्कॉटलंडविरुद्ध १०२ पैकी १०१ पास त्याने अचूक दिले. उपांत्यपूर्व फेरीत स्टुटगार्टला स्पेनने जर्मनीला ११९व्या मिनिटाच्या गोलने हरवले, आणि राष्ट्रीय संघाकडून ११४ सामने व १७ गोल एवढ्यावर त्याची कारकीर्द संपली. त्या सामन्यात सुरुवातीलाच त्याच्या धसमुसळ्या धडकेने स्पेनचा पेद्री जायबंदी झाला होता. त्याच्यासारख्या खेळाडूकडून ते अपेक्षित नव्हते.

बोलण्यात तो पासइतकाच थेट. ऐन उमेदीतल्या खेळाडूंनी पैशांसाठी सौदी अरेबियात जाण्यावर त्याने उघड टीका केली. जानेवारी २०२४ मध्ये रियाधला स्पॅनिश सुपर कपच्या वेळी प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. बुटांच्या बाबतीत तो कमालीचा हट्टी होता: कंपनीने बाजारातून काढलेले जुने पांढरे मॉडेलच तो अखेरपर्यंत घालत राहिला आणि ते स्वतः धूत असे. २०१५ पासून त्याची संस्था गंभीर आजारी मुलांसाठी काम करते. भाऊ फेलिक्सबरोबर त्याने पॉडकास्ट चालवला, आणि निवृत्तीच्याच वर्षी बंदिस्त हॉलमध्ये छोट्या मैदानावर खेळली जाणारी ‘आयकॉन लीग’ ही स्पर्धा त्याने भागीदारीत सुरू केली.