एमसीबीला माणूस दिसत नाही

‘बोर्डात सगळे एमसीबी बसवलेत, आता शॉकची भीती नाही’ हा समज फार पसरलेला आहे आणि तो जिवावर बेतू शकतो. एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह वाहिला की आपोआप पडून (बंद होऊन) वीज तोडणारा खटका, असतो वायरसाठी. कुवतीपेक्षा जास्त प्रवाह वाहिला की वायर तापते, इन्सुलेशन वितळतं, आग लागते. ते टाळायला तो पडतो. माणसाच्या अंगातून वीज गेली तर त्याला पत्ताही लागत नाही.

हिशोबच करू. ओला हात फेजला (वीज आणणाऱ्या तारेला) लागला आणि पाय जमिनीवर असले, तर शरीराचा रोध ढोबळमानाने १,००० ओहम धरता येतो. २३० व्होल्टला प्रवाह होतो ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी ही घटना म्हणजे कुणीतरी छताचा पंखा लावला, इतकीच. हाच एमसीबी ‘सी’ प्रकारचा असेल, तर तो तत्काळ पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. हृदयाची लय बिघडायला मात्र १०० मिलिअँपिअर सेकंदभर मिळाले तरी पुरू शकतात. वीज माणसाला ‘ओढून धरते’ असं म्हणतात, त्यात ओढण्यासारखं काही नसतं. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आवळले जातात, मूठ मिटवणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा बलवान असतात, म्हणून वायर सुटत नाही.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पडणारा खटका. जुने वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. तो प्रवाह किती आहे हे बघतच नाही. गेला तेवढा परत आला का, एवढंच बघतो.

आत बांगडीसारखा एक लोहचुंबकीय गाभा असतो. घराचा फेज आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) दोन्ही त्या बांगडीतून जातात. एकातून प्रवाह जात असतो त्याच क्षणी दुसऱ्यातून तेवढाच परतत असतो, त्यामुळे दोघांची चुंबकक्षेत्रं एकमेकांना पुसून टाकतात. घरात ८ अँपिअर चालू असोत की २०, बांगडीला शून्यच जाणवतं. आता ८ अँपिअर गेले आणि ७.९७ परतले, तर ३० मिलिअँपिअर भलत्याच वाटेने जमिनीत गेले. तेवढ्या तफावतीचं चुंबकक्षेत्र मागे उरतं आणि गाभ्यावर गुंडाळलेल्या बारीक तारेच्या वेटोळ्यात इवलासा प्रवाह उपजतो.

एवढ्याशा प्रवाहाने जड खटका कसा पडतो? खटक्याची स्प्रिंग आधीच ताणलेली असते. तिला अडवून धरते एक छोटी लोखंडी पट्टी, आणि त्या पट्टीला धरून ठेवतो एक कायमचुंबक. वेटोळ्यातल्या प्रवाहाला काहीही ढकलायचं नसतं. चुंबकाची पकड त्याने निमिषभर सैल केली की पट्टी सुटते आणि बाकीचं काम स्प्रिंग करते. बाहेरची बॅटरी नाही, अँप्लिफायर नाही. काही आरसीसीबींमध्ये याऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. त्याला पुरवठा लागतो, म्हणून आधीच्या बाजूचा न्यूट्रल तुटला तर ते निकामी होतं.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअर गळतीच्या दरम्यान पडतो. पडायला ३० ला जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंद लागतात, १५० ला ४०. म्हणजे वरच्या उदाहरणातला शॉक ४० मिलिसेकंदांत, ५० हर्ट्झच्या दोन आवर्तनांत संपतो. शॉक लागतोच, झटकाही जोरदार बसतो. कमी होते ती फक्त त्याची मुदत, आणि जीव त्या मुदतीवरच अवलंबून असतो.

म्हणून अर्थिंग, म्हणजे उपकरणाचं धातूचं अंग जमिनीला जोडणारी तार, सोडून चालत नाही. अर्थिंग नसेल तर बिघडलेल्या गीझरच्या भांड्यावर वीज मुकाट्याने उभी राहते आणि आरसीसीबीला गळती कळते ती कुणीतरी हात लावल्यावर, त्याच्या अंगातून. अर्थिंग असेल तर बिघाड होताक्षणी वीज तिकडून जाते आणि खटका माणूस येण्याआधीच पडतो. फक्त एमसीबी असेल आणि वाटेचा एकूण रोध ५ ओहम असेल, तर ४६ अँपिअर वाहतात. १६ चा एमसीबी त्यावर काही सेकंद, कधी मिनिटभरही घेतो आणि तोवर भांडं धोकादायक राहतं. आरसीसीबीला ५०० ओहमच्या वाटेवरचे ४६० मिलिअँपिअरही भरपूर होतात.

एक गोष्ट मात्र त्यालाही दिसत नाही. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला, तर गेलेला प्रवाह पुरता परततो. माणूस बल्बसारखाच वाटतो. ‘पायात रबरी चप्पल आहे, काही होत नाही’ म्हणत चालू बोर्डात हात घालणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. चप्पल जमिनीची वाट बंद करते, म्हणजे आरसीसीबीला कळण्याची वाटही बंद करते, आणि एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा प्रवाह छातीतून जातो.

आरसीसीबी वारंवार पडू लागला तर तो काढून थेट जोडणी करू नये. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी लावत जा. कोणता लावल्यावर पडतो, गळती त्या लाइनवर. सगळे खाली असतानाही पडत असेल तर बहुधा कुठेतरी न्यूट्रल अर्थला चिकटलाय, कारण एकपोली (फक्त फेज तोडणारा) एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. तेव्हा सगळे प्लग काढून एकेक लावून पाहावं लागतं. खूप दिवस बंद असलेला गीझर लावल्यावर पडला, तर हीटिंग एलिमेंटच्या तोंडाची सील तपासायला सांगा. आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ओल शोषून घेते आणि गळती सुरू होते.

महिन्यातून एकदा ‘टी’ लिहिलेलं बटण दाबा. ते एका रोधकातून थोडा प्रवाह बांगडीला वळसा घालून परत पाठवतं, म्हणजे खरीखुरी तफावत निर्माण करतं. खटका पडला तर यंत्रणा ठीक आहे. अर्थिंग ठीक आहे की नाही हे त्यातून कळत नाही, ते वेगळं मोजून घ्यावं लागतं. बटण दाबून धरू नका, रोधक जळतो. वीज चालू असताना दाबूनही खटका पडला नाही, तर उघडून तेल घालू नका; वायरमनकडून आरसीसीबी बदलून घ्या.