पूलमधला ‘मुक्त’ क्लोरीन: स्टॅबिलायझरमागची पार्श्वभूमी

अमेरिकेत एका विद्यापीठाच्या पोहण्याच्या तलावात १९१० मध्ये क्लोरीन वापरला गेला. पुढची चाळीसेक वर्षं वायू, ब्लीचिंग पावडर आणि द्रवरूप हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) यांवरच भागलं. युद्धानंतर तिथे परसदारी पूल आले आणि उन्हाची अडचण जाणवू लागली. उघड्यावरच्या पाण्यातला निम्मा क्लोरीन कडक उन्हात तासाभरातच निघून जातो. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यावर सायन्युरिक ॲसिडचा उतारा मिळाला. हे ॲसिड क्लोरीनला धरून ठेवतं आणि गरजेप्रमाणे हळूहळू सोडतं. यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. पुढे क्लोरीन आणि हे ॲसिड एकत्र असलेली टीसीसीएची गोळी बाजारात आली.

खरा घोळ मात्र ‘मुक्त क्लोरीन’, म्हणजे जंतू मारायला मोकळा असलेला क्लोरीन, या शब्दात आहे. पूलच्या पाण्याच्या नमुन्यात चाचणीचं रसायन टाकलं की पाणी गुलाबी होतं आणि रंग जुळवून आकडा वाचला जातो. सायन्युरिक ॲसिडने धरलेला क्लोरीन या चाचणीत लगेच सुटून येतो, म्हणून तोही ‘मुक्त’ म्हणूनच मोजला जातो. जंतू मारणारा हायपोक्लोरस ॲसिडचा हिस्सा त्यातला अगदी थोडा असतो. धरलेला आणि मोकळा क्लोरीन यांच्यातल्या या समतोलाचे आकडे १९७४ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तरीही क्लोरीनच्या पिशव्यांवर ‘१ ते ३ पीपीएम’ (पाण्याच्या दहा लाख भागांत १ ते ३ भाग क्लोरीन) एवढंच छापलं जात राहिलं. पाण्यात स्टॅबिलायझर किती आहे, हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या एका ओळीने केलं. क्लोरीन ३ पीपीएमच ठेवला आणि सायन्युरिक ॲसिड ३० वरून १०० वर गेलं, तर मारक हिस्सा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरतो. चाचणीचा गुलाबी रंग तेवढाच राहतो आणि पाणी हिरवं होतं. मग ‘क्लोरीन लॉक झाला’ असं म्हणतात. लॉक काही होत नाही. वाढलेल्या स्टॅबिलायझरला तेवढा क्लोरीन पुरत नाही, इतकंच.

हे ॲसिड वाढतं गोळीतूनच. टीसीसीएने १० पीपीएम क्लोरीन दिला की सोबत ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड येतं. रोज २ पीपीएम लागत असेल तर महिन्याला सुमारे ३६. वर ‘कंडिशनर’ नावाने तीच वस्तू वेगळी विकली जाते आणि लोक गोळ्यांच्या जोडीला तीही टाकतात. मोजायची पद्धत साधी आहे: पाणी आणि चाचणीचं द्रावण मिसळायचं, ते गढुळलेलं पाणी अरुंद नळीत हळूहळू ओतायचं आणि तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की आकडा वाचायचा.

अलीकडे निकष कडक झाले. पाण्यात कुणाला जुलाब झाल्यास जास्त क्लोरीनची मात्रा देण्याआधी सायन्युरिक ॲसिड १५ पीपीएमपर्यंत खाली आणा, असा सल्ला अमेरिकेत २०१६ पासून दिला जातो. २०१९ च्या एका अभ्यासाने हे ॲसिड क्लोरीनच्या २० पटींपेक्षा जास्त नसावं, अशी मर्यादा सुचवली. म्हणजे निव्वळ आकड्याऐवजी गुणोत्तर आलं, आणि ते फार आधी यायला हवं होतं.

सायन्युरिक ॲसिड उडून जात नाही. पाणी काढूनच ते कमी होतं. लोणावळा, कर्जत, अलिबागकडच्या बंगल्यांत पावसाळ्यात पूल ओसंडून वाहतो, तेव्हा ते आपोआप उतरतं. मार्च ते मे मात्र आटलेल्या पाण्याच्या जागी टँकरचं पाणी भरलं जातं, ॲसिड पूलमध्येच राहतं आणि त्यावर रोजच्या गोळ्यांची भर पडत जाते.