पेट्रोलचा भडका आणि ज्यूंवरचा जुना आळ

पश्चिम आशियात युद्ध पेटलं की नागपुरात पंपावर रांगा लागतात. सीताबर्डीच्या अशाच एका रांगेत मागून आवाज आला, "हे सारं त्या ज्यू लोकांमुळेच होऊन राहिलं बाप्पा!" महागाईवरचा बोलणाऱ्याचा राग खरा होता, पण तो भलत्यांवर निघत होता. तसा तो याआधीही निघाला आहे.

ऑक्टोबर 1973 मध्ये इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर हल्ला केला. अमेरिकेने इस्रायलला शस्त्रं पुरवली, म्हणून अरब देशांनी तिचं तेल रोखलं, उत्पादनही घटवलं. पिंपामागे 3 डॉलरच्या आसपास असलेला दर 1974 उजाडताना 12 डॉलरच्या घरात गेला. भारतातही भडका उडाला. दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. अमेरिकेतली गोष्ट वेगळी. तिथले सेनादलप्रमुख जनरल जॉर्ज ब्राऊन 1974 मध्ये ड्यूक विद्यापीठात जाहीरपणे म्हणाले की बँका आणि वर्तमानपत्रं ज्यूंच्या हाती आहेत, आणि पुन्हा तेल तुटलं, लोकांचे हाल झाले, तर ते ज्यूंचा प्रभाव मोडून काढतील. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यांची कानउघाडणी केली, पण पद शाबूत राहिलं. तेल रोखलं सरकारांनी, दर ठरवला उत्पादक देशांनी, आणि बोट दाखवलं गेलं शेजारच्या ज्यू कुटुंबाकडे. 1349 मध्ये प्लेगच्या साथीत 'विहिरींत विष कालवलं' म्हणून युरोपातल्या स्ट्रासबुर्ग शहरात शेकडो ज्यू जाळले गेले, तेव्हाही तर्क हाच होता. इस्रायली सरकारच्या धोरणावर कडक टीका जरूर करावी. एका अख्ख्या समाजाला दोषी धरणं ही टीका नव्हे.

आपल्या पंपावरच्या दरात कच्च्या तेलाइतकाच कराचा हात असतो. एप्रिल 2014 मध्ये पेट्रोलवर केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे 9.48 रुपये होतं, मे 2020 मध्ये 32.98. त्या वेळी टाळेबंदीमुळे कच्चं तेल कोसळलं होतं. ग्राहकाला स्वस्ताई मिळायची, तर केंद्राने एका रात्रीत पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपये वाढवले. मे 2022 पर्यंत पेट्रोलवरचं शुल्क 19.90 वर आलं. वर राज्याचा व्हॅट, तोही शुल्क धरून, म्हणजे करावर कर. 2017 मध्ये जीएसटी आला, पण पेट्रोल-डिझेल बाहेरच राहिलं, कारण हा महसूल सोडायला ना केंद्र तयार ना राज्यं. डिझेल वाढलं की नागपूरच्या कळमना बाजारात येणाऱ्या संत्र्यांचं भाडंही वाढतं.

महाराष्ट्रातल्या ज्यूंचं तेलाशी नातं आहे, पण ते घाण्याचं. कोकणातले बेने इस्रायली ज्यू पिढ्यान् पिढ्या तेल गाळत. शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. आडनावं पेणकर, नवगावकर; घरची भाषा मराठी.