कितीचं मॉडेल? जुन्या आरएक्स १०० च्या सालामागची पार्श्वभूमी

दारव्हा, पुसद, आर्वीकडच्या गावांत यामाहाची जुनी मोटारसायकल आरएक्स १०० विकायला निघाली, की किमतीच्या आधी प्रश्न येतो, "कितीचं मॉडेल हाय?" मालक म्हणतो, "शहाऐंशीचं, जपान इंजिन." या दोन शब्दांवर भाव चढतो. म्हणून ते दोन्ही शब्द नीट तपासून घेणं गरजेचं आहे.

गाडी नोव्हेंबर १९८५ मध्ये आली आणि मार्च १९९६ मध्ये बंद झाली. या काळात तिचा गाभा एकच राहिला: ५० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ५० मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल), ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, चार गिअर, वजन शंभर किलोच्या आसपास. दुधाचे कॅन वाहणारी राजदूत चालवलेल्या माणसाला हा पिकअप नवा होता. सुरुवातीच्या गाड्या जपानहून आलेल्या सुट्या भागांतून इथे जोडल्या गेल्या, पुढे भाग इथेच बनू लागले. 'जपान' या शब्दाचा उगम एवढाच. माझं मत स्पष्ट आहे: चाळीस वर्षांत ज्या गाडीचा पिस्टन, क्रँक, कार्बोरेटर सगळं बदललं, तिच्यात जपान शोधण्यात अर्थ नाही. १९९१ ते ९५ मधली, कमी हात फिरलेली गाडी मी आधी बघेन.

खरा गुंता 'मॉडेल' या शब्दाचा आहे. आपल्याकडे हा एकच शब्द तीन सालांसाठी चालतो. पहिलं बनावटीचं साल. दुसरं पासिंगचं, म्हणजे आरटीओत पहिली नोंदणी झाली ते. तिसरं रिपासिंगचं, म्हणजे मुदत संपल्यावर नोंदणी वाढवून घेतली ते. पहिल्या दोहोंत फरक पडायला आपल्या भागात ठोस कारण होतं. गाडी घ्यायची ती कापसाचे चुकारे, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, हातात आल्यावर. सरकारच सगळा कापूस घ्यायचं त्या एकाधिकार खरेदीच्या काळात ते कधी दिवाळीनंतर, कधी संक्रांतीच्या पुढे मिळायचे. त्यामुळे नव्वदच्या डिसेंबरात बनलेली गाडी एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत पास झाली, तर घरचे तिला एक्क्याण्णवची म्हणत आले. त्यात लबाडी नव्हती. पण विकणारा जेव्हा सोयीचं तेवढं साल सांगतो, तेव्हा घेणारा फसतो. मी घेतलेली गाडी चौऱ्याण्णवची सांगितली होती. आरसी बुकात बनावटीचं साल ब्याण्णव निघालं आणि मधल्या दोन वर्षांचा हिशोब कुणाकडेच नव्हता.

नंबरप्लेटवरूनही अंदाज येतो. १ जुलै १९८९ पासून एमएच आणि जिल्ह्याचा आकडा अशी पद्धत आली: अमरावती २७, यवतमाळ २९, वर्धा ३२, चंद्रपूर ३४. त्याआधीचे नंबर तीन अक्षरी. म्हणून कुणी शहाऐंशीचं मॉडेल सांगतो आणि प्लेटवर एमएच २९ दिसतं, तेव्हा थांबून विचारावं. ती गाडी पास व्हायलाच उशीर झाला असेल, परराज्यातून आली असेल, किंवा कागद एका गाडीचे आणि चेसिस (सांगाडा) दुसरीची असेल. या गाडीच्या नंबरात '१एल१' ही खूण असते. चेसिसवर ती घासलेली किंवा पुन्हा ठोकलेली वाटली तर सौदा सोडावा.

१९९६ हे साल तर वेगळंच उभं राहतं. १ एप्रिल १९९६ पासून दुचाकींच्या धुराचे निकष कडक झाले आणि ही गाडी त्यात बसली नाही. पुढे आलेल्या आरएक्स १३५ चा बोअर ५८ मिमी, म्हणजे १३२ सीसी. स्ट्रोक तोच असल्याने १३५ चं सिलिंडर १०० वर चढवायची पद्धत गावोगाव पडली. कागदावर ९८ सीसी आणि खाली १३२, अशा कितीतरी गाड्या आजही फिरतात. जोर जास्त मिळतो हे खरं, पण ती कुठल्याच सालाची राहत नाही आणि कागदाशी जुळत नाही. १०० चंच सिलिंडर असेल तर कितवा ओव्हरसाइज पिस्टन आहे, म्हणजे झिजलेलं सिलिंडर घासून किती मिमी मोठा पिस्टन बसवलाय, ते विचारा. ०.२५ असेल तर पुढे वाव आहे, १.०० असेल तर आता स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरला आतून नवी नळी बसवणं. काळ्या मातीच्या धुळीत फिल्टर न बदलता चाललेली गाडी लवकर तिथे पोचते.

अलीकडच्या नियमांनी जुनी सालं पुन्हा वर काढली. नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी वाढवायची, आणि त्यासोबत पर्यावरण कर. दुचाकीची नूतनीकरण फी एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १००० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकींसाठी २००० झाली. म्हणजे कुठलीही आरएक्स १०० आता वरच्याच फीत येते. नवी नंबरप्लेट सक्तीची झाली तेव्हा इंजिन आणि चेसिस नंबर ऑनलाइन नोंदीशी जुळवावा लागला. जुनं वहीसारखं आरसी बुक असलेल्या अनेकांना तेव्हाच कळलं की आपली गाडी ऑनलाइन आलेलीच नाही.

गावाकडे आणखी एक अडचण नेहमीची. गाडी मुलगा विकतो, आरसी वडिलांच्या नावावर, आणि वडील वारलेले. अशा वेळी मालकी बदलाच्या फॉर्म २९-३० वर सही करायला मालकच नसतो. आधी फॉर्म ३१ वर वारसाच्या नावाने गाडी करून घ्यावी लागते. ते झाल्याशिवाय इसार देऊ नये, मॉडेल कितीचंही असो.