एनसीआरचं उत्तर परत का येतं?

ऑडिट झालं, एनसीआर म्हणजे नियमात न बसलेल्या गोष्टीचा अहवाल (नॉन-कन्फॉर्मन्स रिपोर्ट) हातात पडला, उत्तरही गेलं आणि आठवड्यात परत आलं. शेरा एकच ओळ: मूळ कारण अपुरं. नेमकं काय अपुरं, हे ऑडिटर लिहीत नाहीत आणि छोटा कारखानदार अंदाज बांधत बसतो. हे थांबायला हवं.

फॉर्म सोपा आहे. काय आढळलं आणि कोणतं कलम मोडलं, ते ऑडिटरच लिहून देतो. आपण लिहायचं ते तीन गोष्टींबद्दल: लगेच केलेली दुरुस्ती, मूळ कारण, पुन्हा होऊ नये म्हणून केलेला बदल.

समजा, मायक्रोमीटरच्या कॅलिब्रेशनची (अचूकता तपासण्याची) मुदत संपलेली सापडली. ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष, समज दिली’ असं लिहू नका, ते परत येणारच. मुदत संपल्याचं कळलं का नाही? मायक्रोमीटर यादीतच नव्हता. का नव्हता? खरेदीहून थेट मशीनवर गेला, क्वालिटीला कुणी कळवलंच नाही. कारण इथे आहे. कॅलिब्रेशनमध्ये तो चुकीचा निघाला, तर त्यानं मोजून गेलेल्या मालाचं काय केलं, तेही लिहा. हे बहुतेक जण विसरतात.

उत्तराच्या मुदतीचा घोळ त्याहून महाग पडतो. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ या गुणवत्ता मानकात मायनर म्हणजे किरकोळ त्रुटीसाठी ६० दिवस मिळतात, मेजरचं म्हणजे गंभीर त्रुटीचं पहिलं उत्तर त्याच्या बरंच आधी द्यावं लागतं. दिवस कॅलेंडरचे, तेही क्लोजिंग मीटिंगपासून. दिवाळीची सुट्टी वजा होत नाही. औषध कारखान्यात अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकानं फॉर्म ४८३ (तपासणीत सापडलेल्या त्रुटींची यादी) दिला, तर उत्तर १५ दिवसांत, पण ते कामकाजाचे. फार्मातून ऑटोत आलेली माणसं इथेच चुकतात.

आणि जो कागद कुणाकडेच नसतो, तो म्हणजे ग्राहकाची लेखी सवलत (कन्सेशन), म्हणजे मापात न बसलेला माल घ्यायची परवानगी. मापात न बसलेला लॉट ‘चालेल, पाठवा’ असं फोनवर ऐकून गाडीत चढवतात. फोनला पुरावा म्हणत नाहीत. किती नग किंवा कोणत्या तारखेपर्यंत, हे ग्राहकाकडून लिहून घ्या आणि प्रत्येक पेटीवर तशी ओळख लावा. ग्राहकाकडे मेल अडकून राहते, पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो, तरी माल सोडू नका.

बांधकामात तर स्लॅब नापास मालाच्या लाल पेटीत टाकताच येत नाही. २८ दिवसांचा क्यूब (काँक्रीटचा चाचणीचा ठोकळा) नापास झाला की कोअर, म्हणजे स्लॅबमधूनच कापलेला गोल नमुना, काढतात. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे कोअरची सरासरी ताकद ग्रेडच्या (काँक्रीटच्या ठरलेल्या ताकदीच्या) किमान ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली चालत नाही. तिथेही साइट इंजिनिअरच्या सहीवर एनसीआर बंद करू नका, स्ट्रक्चरल कन्सल्टंटचा लेखी निर्णय फाइलला लावा.