नवजात बाळाची प्रकृती घरी कशी पाहावी : वजनकाटा भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लातूर शहरातून तसेच औसा, निलंगा, रेणापूर भागातून लेकीच्या बाळंतपणासाठी आमच्याकडून बाळाचा वजनकाटा नेणारे ग्राहक पुष्कळदा डिस्चार्ज कार्ड पुढे करून विचारतात, की ‘अपगार ८/९’ म्हणजे बाळाला दहापैकी गुण कमी का पडले? ही पद्धत अमेरिकेतील भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये बसवली. जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला हृदयाचे ठोके, श्वास, हातापायांची हालचाल, डिवचल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग पाहून प्रत्येकी शून्य ते दोन गुण दिले जातात; ८/९ म्हणजे पहिल्या मिनिटाला आठ आणि पाचव्या मिनिटाला नऊ. सात किंवा अधिक गुण समाधानकारक मानतात. हातपाय सुरुवातीला निळसर असल्यामुळे धडधाकट बाळाचाही एखादा गुण बहुधा जातोच. बाळाच्या पुढील हुशारीशी या गुणांचा संबंध लावू नये. घरी आल्यानंतर पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली गोष्ट वजनाची. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन घटते आणि ते साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येते. जन्मवेळी २ किलो ८०० ग्रॅम असलेले बाळ चौथ्या दिवशी २ किलो ६२० ग्रॅम भरले, तर दूध पुरत नाही असा निष्कर्ष काढून वरचे दूध सुरू करण्याची घाई करू नये. मात्र घट दहा टक्क्यांवर गेल्यास, म्हणजे याच बाळाचे वजन २ किलो ५२० ग्रॅमच्या खाली गेल्यास, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पुढे रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. काटा घरात आहे म्हणून दिवसातून तीनदा वजन करू नये, कारण एका पाजण्याने किंवा एका शीने आकडा बदलतो आणि बाळंतिणीच्या जिवाला उगाच घोर लागतो. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल, तर आठवड्यातून एकदा, पाजण्यापूर्वी, लंगोट काढून केलेले वजन पुरेसे आहे.

काटा बाजेवर किंवा गादीवर ठेवू नये. शहाबादी फरशीवरही तो डुगडुगत नाही ना, हे चारही कोपरे दाबून पाहावे. पंखा बंद करावा; वाऱ्याने आकडा स्थिर होत नाही. दुपटे आधी पसरून मग आकडा शून्यावर आणावा आणि एक हात बाळाच्या अंगावर, पण स्पर्श न करता, धरून ठेवावा.

वजनापेक्षा श्वास अधिक लवकर बोलतो. बाळ शांत झोपलेले असताना झबले वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. नवजात बाळाचा श्वास मुळातच अनियमित असल्याने अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणे चुकीचे ठरते. मिनिटाला ४० ते ५९ श्वास ठीक. साठ किंवा अधिक भरल्यास पुन्हा मोजावे, आणि तेवढेच भरल्यास दवाखाना गाठावा.

काखेतील तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या घरात बाळाला टोपडे आणि दोन-दोन दुपट्यांत गुंडाळले जाते, त्यानेही अंग तापते. अशा वेळी कपडे सैल करून, अंगावर पाजून थोड्या वेळाने पुन्हा मोजावे आणि तरीही तापमान उतरले नाही तर डॉक्टरांकडे न्यावे. उन्हाळा कितीही असला, तरी पहिले सहा महिने पाणी, मध, बाळघुटी देऊ नये. आठवडाभरानंतर दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, तर दूध पुरत आहे असे समजावे.

कावीळ दिव्याच्या पिवळ्या उजेडात कळत नाही. दिवसाउजेडी कपाळाची कातडी बोटाने दाबून पाहावी. पहिल्या चोवीस तासांत दिसलेली किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ कोवळ्या उन्हाच्या भरवशावर ठेवू नये. नाळेला हळद, राख, तेल लावू नये. ती कोरडी ठेवावी.

आशाताई दवाखान्यातील बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. आपली वजनाची नोंद त्यांना दाखवावी. बाळ पीत नसेल, अंग गार किंवा ढिले पडले असेल, झटके येत असतील, कण्हत असेल किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर वजन करीत न बसता १०८ वर फोन करावा. जिल्हा पातळीवरील सरकारी रुग्णालयांत आजारी नवजात बालकांसाठी स्वतंत्र कक्ष असून तेथील उपचार मोफत आहेत. बाळाला काचेत ठेवावे लागल्यास तेवढ्या दिवसांचे काट्याचे भाडे आम्ही घेत नाही. दुकानात तसे फक्त कळवावे.