प्रसूतिपूर्व प्रशिक्षण वर्ग

बाळंतपणासाठी गर्भवती स्त्री व तिचा जोडीदार यांची शारीरिक आणि मानसिक तयारी करून घेणारे वर्ग. प्रसूतीचे टप्पे, श्वसन, स्नायू सैल सोडणे, वेदनाशमनाचे पर्याय व स्तनपान हे त्यांतील नेहमीचे विषय होत.

या वर्गांचा उगम कोठे मानावा यावर एकमत नाही. ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी 1933 मध्ये ‘नैसर्गिक प्रसूती’ची कल्पना मांडली. भीतीने स्नायू ताठरतात, त्यामुळे कळा असह्य होतात आणि वेदनेने भीती आणखी वाढते. हे चक्र माहिती व शिथिलीकरण यांनी तोडता येते, असे त्यांचे प्रतिपादन. दुसरी धारा सोव्हिएट संघातील. खारकोव्ह येथे वेल्व्होव्हस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी, बहुधा 1940–50 या दशकाच्या अखेरीस, रशियन शरीरक्रियावैज्ञानिक पाव्हलॉव्ह यांच्या अवलंबी प्रतिक्षेपाच्या (सरावाने जडणाऱ्या आपोआप प्रतिक्रियेच्या) सिद्धांतावर ‘सायकोप्रोफिलॅक्सिस’ (मानसिक तयारीने वेदना रोखणे) ही पद्धत बेतली. तिच्यामागे संमोहनाचे आधीचे प्रयोग होते. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फेर्नां लामाझ यांनी ती 1951 मध्ये सोव्हिएट संघात पाहिली, पॅरिसमध्ये रुजवली आणि तीत जलद, उथळ श्वसनाची भर घातली. पद्धतीला पुढे त्यांचेच नाव चिकटले व सोव्हिएट पूर्वसूरी मागे पडले. वरवर दोन्ही धारा सारख्या दिसतात. मात्र डिक-रीड शरीर सैल सोडण्यावर भर देतात, तर सोव्हिएट पद्धत मनाला सरावाच्या कामात गुंतवते. कालक्रमाने डिक-रीड आधीचे असले, तरी आजच्या वर्गांची घडण दुसऱ्या धारेला अधिक जवळची वाटते. जलद श्वसन मात्र टिकले नाही. त्याने रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड घटून चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. म्हणून आता संथ श्वसन शिकवतात.

लाभांविषयीचे पुरावे संमिश्र आहेत. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2007 मधील आढाव्यात 9 चाचण्या व 2,284 स्त्रिया होत्या. त्यातून ठाम निष्कर्ष निघाला नाही. स्वीडनमधील 2009 च्या चाचणीत श्वसनाचा सराव केलेल्या आणि सर्वसाधारण वर्गाला गेलेल्या, अशा दोन्ही गटांत एपिड्युरल (कंबरेखालचा भाग बधिर करणारे, पाठीच्या कण्याजवळ दिले जाणारे औषध) घेणाऱ्यांचे प्रमाण 52 टक्केच राहिले. डेन्मार्कमधील 2010 च्या चाचणीत (1,193 स्त्रिया) प्रशिक्षित स्त्रिया कळा नीट सुरू झाल्यावर रुग्णालयात पोहोचण्याचे प्रमाण अधिक आढळले. त्यांच्यात एपिड्युरलचा वापरही कमी होता, परंतु एकूण वेदनाशामकांचा नाही. तेव्हा वेदना घटवण्यापेक्षा खऱ्या व फसव्या कळांतील फरक ओळखता येणे, हा लाभ अधिक विश्वासार्ह मानावा.

वर्गात शिकवल्या जाणाऱ्या काही कृतींना स्वतंत्र आधार आहे. गरोदरपणाच्या अखेरच्या आठवड्यांतील विटपाच्या (योनी व गुदद्वार यांमधील भागाच्या) मालिशने पहिलटकरणींमध्ये टाके घालावे लागण्याचे प्रमाण घटते, तर श्रोणितळाच्या (ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंच्या) व्यायामाने लघवीवरील ताबा सुटण्याचा धोका कमी होतो. अनावश्यक सिझेरियन टाळण्याच्या उपायांत जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये अशा कार्यशाळांचा समावेश केला, पण परिणामांवर देखरेख ठेवण्याच्या अटीवर. जोडीदाराला होणाऱ्या लाभाचा अभ्यास तुलनेने कमी झाला आहे.